तिसऱ्या हाकेचा गूळ

आमच्या मंडळात एक रीत आहे. नाटकात जो मरतो, त्यानं पडदा पडल्यावर लगेच उठायचं नाही. मेला तसाच पडून राहायचं. मग मंडळातला सगळ्यात वडीलधारा माणूस त्याच्या उशाशी बसतो आणि त्याला त्याच्या खऱ्या नावानं तीन हाका मारतो. पहिल्या दोन हाकांना गप्प राहायचं. तिसरीला "हाय", म्हणजे आहे मी, असं म्हणून उठून बसायचं आणि हातावर ठेवलेला गुळाचा खडा तोंडात टाकायचा. गूळ खाल्ल्याशिवाय चेहऱ्याचा रंग पुसायचा नाही. फार पूर्वी कुणी नट म्हणे राजा होऊन मेला, तसाच रंग पुसून घरी गेला आणि तिसऱ्या दिवशी तापानं खरोखरच गेला, तेव्हापासूनची ही रीत. मी इस्लामपूरच्या हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवतो. या रीतीला मी तोंडावर हसायचो. पण स्टेजवर अनेकदा मेलोय आणि प्रत्येक वेळी निमूटपणे गूळ खाल्लाय, हेही खरं.

मंडळ सोंगी भजनाचं. आष्ट्याजवळच्या आमच्या गावात ते माझ्या वडिलांच्याही आधीपासून आहे. पेटी, पखवाज, टाळ आणि सोंगं घेतलेली माणसं. अर्धं गाणं, अर्धं नाटक. गावच्या जत्रेला मात्र आम्ही पडदा लावून पुरं नाटक करतो, पदांसकट. पदं मी लिहायचो आणि मुख्य पात्राची पदं मीच गायचो. आवाज ही माझी एकुलती एक मिजास होती. वर्गात शेवटच्या बाकापर्यंत आणि जत्रेत पार ओढ्यापलीकडच्या गुऱ्हाळापर्यंत तो जायचा. नेमका तोच बसला.

पहिले चार महिने मी त्याला घसा बसणं म्हणत होतो. ज्येष्ठमध चघळलं, हळद-दूध प्यालो. तंबाखू मात्र चालूच ठेवली, कारण तिच्याशिवाय मला सुचत नाही असा माझा समज होता. शेवटी बायकोनं दंडाला धरून सांगलीला नेलं. डॉक्टरांनी नाकातून दुर्बीण घातली, बराच वेळ पडद्याकडे बघत राहिले आणि मला सोडून बायकोला विचारलं, "तंबाखू किती वर्षांची?" ती म्हणाली, "माझ्या आधीची हाय." आठ दिवसांनी कागद हातात आला. स्वरयंत्राचा कॅन्सर. ऑपरेशन टळलं, पण तेहतीस शेक घ्यायला सांगितले. रेडिएशनला आमच्याकडं शेक म्हणतात. शब्द ऐकून वाटावं, घरातलं कुणीतरी तव्यावर फडकं गरम करून पोटाला लावतंय.

बातमी फुटली तशी घरी माणसांची रीघ लागली. येणारा प्रत्येक जण डझनभर केळी आणि एक मेलेला माणूस सोबत घेऊन यायचा. "आमच्या साडूच्या भावाला हेच झालतं बघा. चांगला हिंडत-फिरत हुता." मग एकदम शांतता. मग, "घ्या की, केळं खावा." सातवा की आठवा मेलेला माणूस ऐकल्यावर माझं डोकं फिरलं. मी त्या बसलेल्या आवाजात ओरडलो, "तुमच्या वळखीत बरा झालेला एकबी न्हाई का?" पाहुणा खरंच विचारात पडला. त्याला कुणी आठवेना. तो गेल्यावर मी भिंतीकडं तोंड करून रडलो. बायकोनं केळी शेजाऱ्यांच्या म्हशीला घातली.

शेक घेण्यासाठी रोज एसटीनं सांगलीला जायचं, शनिवार-रविवार सुट्टी. पहिल्या दिवशी मुखवटा करतात. गरम पाण्यात मऊ केलेली पांढरी प्लॅस्टिकची जाळी चेहऱ्यावर अंथरतात आणि ती गार होईपर्यंत हलायचं नाही. मग तुमच्या नाकाची, हनुवटीची, गळ्याची हुबेहूब आकृती तयार होते. रोज तो मुखवटा चढवून खांद्यापर्यंत टेबलाला खिट्ट्यांनी आवळतात, माणूस जराही हलू नये म्हणून. सगळे खोलीबाहेर निघून जातात, जाड दार बंद होतं आणि मशीन घरघरत तुमच्याभोवती फिरू लागतं. मी आयुष्यभर तोंडाला रंग लावून सोंगं काढली. माझ्याच चेहऱ्याचं सोंग माझ्यावर चढवलेलं मला पहिल्या दिवशी सोसलं नाही. मी हात आपटले. मशीन थांबवून मला सोडवावं लागलं.

बाहेरच्या बाकावर मी चष्मा पुसत बसलो होतो, तेव्हा शेजारच्या माणसानं विचारलं, "भ्या वाटलं व्हय?" बोलणं जड, अर्धे शब्द गालात अडकणारे. त्याचा जबडा एका बाजूनं काढलेला होता आणि त्यावर पांढरा रुमाल बांधलेला. वय माझ्याहून पाच-सहा वर्षांनी कमी. म्हसवडच्या पलीकडच्या माळावरचा धनगर. थोडी मेंढरं, थोडं रान, आणि गजीच्या नाचात ढोल वाजवणारा. गालाचा कॅन्सर झालेला. ऑपरेशन आधीच झालं होतं, आता शेक. बायकोला घेऊन सांगलीतल्याच एका धर्मशाळेत उतरला होता.

"माझं ऐका मास्तर," तो म्हणाला. मी मास्तर आहे हे माझ्या चष्म्यावरूनच त्यानं ओळखलं असणार. "त्या टेबलावर पडल्यावर मनात ढोल धरायचा. गजीचा. सावकाश सुरू करायचा. माझं अकरा फेरं हुत्यात, बारावा सुरू झाला की दार उघडतंय." आणि त्यानं बाकाच्या पत्र्यावर बोटांनी मला तो ठेका वाजवून दाखवला. आधी संथ, मग पाय उचलायला लावणारा, मग वळण घेऊन पुन्हा संथ.

दुसऱ्या दिवशी मी मुखवट्याच्या आत डोळे मिटले आणि ढोल धरला. माझे नऊच फेरे झाले. बाहेर येऊन सांगितलं तर तो खूश झाला. "तुमचा ढोल सावकाश हाय. नवीन मानूस."

तिथून आमचं जमलं. मी त्याला पावणं म्हणायचो, तो मला मास्तर. रोज तास-दीड तास थांबावं लागे. तो ठेका धरायचा, मी त्यावर शब्द बसवायचो, फुसफुसत. पहिलं पद असं झालं:

मशीनबाई गं मशीनबाई, किती घालशील फेरा?
माझ्या गळ्यात काय गं तुझा हरवलाय का हिरा?

पावण्याची बायको पदर तोंडाला लावून हसली. समोरच्या बाकावरची पोटाच्या आजाराची म्हातारी म्हणाली, "आणि एकदा म्हणा की." मग केळी घेऊन येणाऱ्या पाहुण्यांचं एक पद झालं. थुंकी आटलेल्या तोंडाचं एक झालं. आमची तोंडं तोवर खरोखरच आटली होती. पंधराव्या शेकानंतर भाताची चव मातीसारखी लागायला लागली, विसाव्यानंतर गिळताना डोळ्यांत पाणी यायचं, गळ्याची कातडी काळी पडून सोलत होती. पावण्याच्या नाकातून नळी घातली आणि त्याचं जेवण सिरिंजनं जाऊ लागलं. तो इतका वाळला की मुखवटा सैल झाला, म्हणून त्याला नवीन मुखवटा करावा लागला. जुना त्यानं मागून घेतला. "नाटकात कामाला ईल," म्हणाला आणि माझ्याकडे ठेवायला दिला. तोवर आम्ही याला नाटक म्हणायला लागलो होतो.

शेवटच्या आठवड्यात एक दिवस त्यानं माझं मनगट धरलं. त्याच्या बायकोसमोरच बोलला, म्हणून तिलाही ते ठाऊक होतं.

"मास्तर, नाटकात मला घालणार न्हवं?"

"तुमच्याबिगर नाटक कसलं, पावणं."

"मग एक करा. मला त्यात मारू नगा. बाकी काय बी करा. जबडा काढल्याला दावा, नळी दावा, रडताना दावा. पर मारू नगा. हितं काय व्हायचं ते हुईल. तिकडं तेवढं जगू द्या."

मी शब्द दिला. हातावर हात मारून दिला. शब्द देताना माणूस मनापासून देतो, आणि मीही दिला होता, एवढं मला आजही म्हणता येतं.

तेहतीस पुरे झाले. तीन महिन्यांनी माझी तपासणी स्वच्छ आली. डॉक्टर हसले, बायकोनं देवळात नारळ फोडला. गाण्याचा आवाज मात्र गेला तो गेलाच. आता माझ्या गळ्यातून जे येतं ते चिरक्या दारासारखं आहे. शाळेत मी फळ्यावर जास्त लिहितो. पहिल्यांदा पेटीपुढे बसून सा लावला आणि नुसती हवा आली, त्या दिवशी मी पेटीचं झाकण इतक्या जोरात आपटलं की त्याची बिजागरी तुटली. बरा झालो म्हणून लोक देवाच्या पाया पडायला सांगत होते आणि मला कुणाला तरी बदडावंसं वाटत होतं. मग मी वही काढली आणि नाटक लिहायला बसलो.

मंडळाचे वडीलधारे म्हणजे आमचे सुभेदार. फौजेतून निवृत्त झालेले, चार एकर ऊस, पेटी तेच वाजवतात आणि नाटकही तेच बसवतात. त्यांनी वाचन ऐकलं आणि लगेच कामाला लागले. मुखवटे दोनच होते, माझा आणि पावण्याचा जुना. म्हणून कोरसच्या दहा जणांच्या तोंडाला त्यांनी पिठाच्या चाळण्या बांधायला लावल्या. माझी भूमिका डेअरीच्या सेक्रेटरीला दिली, कारण ती गायची होती. पावण्याची भूमिका माझ्याकडे आली. पावणं कमी बोलतो आणि अडखळत बोलतो, तेवढं माझ्या गळ्याला झेपणार होतं. पखवाजवाल्याला मी गजीचा ठेका शिकवला.

तिसऱ्या तालमीनंतर सुभेदारांनी पेटी बंद केली. "मास्तर, दोघंबी जगली तर पब्लिक रडणार कवा? चाळण्या बघून हसतील आणि घरी जातील. एकानं मरायला पायजे."

मी म्हणालो, "न्हाई. शब्द दिलाय."

चार दिवस मी हट्ट धरला. पाचव्या दिवशी पावण्याचा फोन आला. बोलणं कळेना, म्हणून त्याच्या बायकोनं फोन घेतला. गाठ परत आली होती, मानेत. आता पुन्हा शेक देता येत नाही म्हणत होते. दुखणं कमी व्हायची औषधं देऊन घरी पाठवलं होतं.

फोन ठेवून मी उन्हात ओसरीवर बसून राहिलो. पुढे जे झालं ते मी बायकोलाही कधी नीट सांगितलेलं नाही. त्याच दुपारी मी वही उघडली आणि पावण्याच्या मरणाचा प्रवेश एका बैठकीत लिहून काढला. मशीन सुरू होतं, मुखवट्याच्या आत पावणं मनात ढोल धरतो, एक फेरा, दोन, पाच, सात, आणि आठव्या फेऱ्यात अर्ध्यावर ढोल थांबतो. एवढंच. एक शब्द नाही. माझ्या उभ्या आयुष्यात मी याहून चांगलं काही लिहिलेलं नाही. लिहिताना मी रडत होतो आणि चांगलं उतरतंय म्हणून आतून सुखावतही होतो. संध्याकाळी सुभेदारांनी वाचलं, चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "आता झालं नाटक."

पावण्याला मी जत्रेचं आमंत्रण दिलं नाही. तब्येत बरी नसताना उगाच एवढा प्रवास कशाला, असं मी स्वतःला समजावलं. पण जाहिरातीचा कागद मोबाइलच्या स्टेटसला ठेवायची हौस काही आवरली नाही, आणि त्याच्या मुलीकडे माझा नंबर आहे हे माझ्या डोक्यातून गेलं.

दहाला स्पीकर बंद करावा लागतो, म्हणून नाटक दिवेलागणीलाच सुरू झालं. मैदान भरलं होतं. केळ्यांच्या पदाला हशा पिकला, मशीनबाईला दोनदा वन्स मोअर मिळाला. मध्यंतरानंतर पडदा उघडला, मी पावणं होऊन रुमाल बांधून पुढे आलो, आणि पहिल्या रांगेत लाल प्लॅस्टिकच्या खुर्चीवर मला खराखुरा पावणं दिसला. तसाच रुमाल. नाकात नळी. शेजारी त्याची बायको. विट्यावरून एसटी बदलत दिवसभर प्रवास करून आले होते. त्यानं मला बघितलं आणि हात वर केला. सगळ्या मैदानात त्याच्याएवढं आनंदात कुणी नव्हतं.

तो प्रवेश यायला अजून पाऊण तास होता. त्या पाऊण तासात मी पाच वेळा विंगेत गेलो आणि सुभेदारांना सांगू शकलो असतो. ढोल थांबवू नका, एवढंच सांगायचं होतं. पाचही वेळा मी पाणी पिऊन परत स्टेजवर आलो. मैदान कसं गप्प होत चाललंय हे मला कळत होतं. ते गप्प होणं मला ओळखीचं होतं, आवाज होता तेव्हा माझ्या प्रत्येक मोठ्या पदाआधी लोक असे गप्प व्हायचे. मला ते पुन्हा एकदा हवं होतं. याला मी दुसरं कुठलं नाव देणार नाही.

टेबलावर पडलो. कोरसवाल्यांनी माझ्या तोंडावर पावण्याचा जुना मुखवटा बांधला. पखवाजावर गजीचा ठेका सुरू झाला. जाळीच्या भोकांतून मला पहिली रांग दिसत होती. पावण्याची बोटं खुर्चीच्या हातावर ठेका धरून नाचत होती. पाच, सहा, सात. आठव्या फेऱ्यात पखवाज अर्ध्यावर थांबला. मैदानात कुणीतरी हुंदका दिला, मग बायका रडायला लागल्या.

पावण्याची बोटं थांबली नाहीत. रडण्याच्या त्या आवाजात ती कुणाला ऐकू जात नव्हती, पण मी बघत होतो. त्यानं आठवा पुरा केला. नववा केला. दहावा केला. माझ्याकडे टक लावून अकरावा केला आणि मग हात मांडीवर ठेवला. पडदा पडला. टाळ्या थांबेनात.

मी तसाच पडून राहिलो. सुभेदार गुळाचा खडा घेऊन माझ्या उशाशी बसले. तेवढ्यात मागच्या बाजूनं पडदा सारून पावणं आला, बायकोच्या खांद्यावर हात टाकून. त्याला या रीतीबद्दल मीच बाकावर बसून गमतीनं सांगितलं होतं. त्यानं सुभेदारांचा हात धरला आणि एक-एक शब्द तोडत म्हणाला, "मेलो मी. नाव माझं घ्या."

सुभेदारांनी माझ्याकडे बघितलं. मला तोंड दाखवायला जागा नव्हती. मी उठलो आणि टेबलावरून बाजूला झालो. पावणं चपला काढून टेबलावर आडवा झाला, डोळे मिटले. सुभेदारांनी त्याचं नाव विचारून घेतलं आणि पहिली हाक मारली. तो गप्प. दुसरी मारली. तो गप्प, पण रुमालाखाली हसत होता. तिसरीला "हाय!" म्हणून इतक्या जोरात उठला की नळी हलली आणि तो कळवळला. गूळ खायला तोंड नव्हतंच. त्याच्या बायकोनं तो खडा भांड्यात पाण्यात विरघळवला आणि सिरिंजनं नळीतून सोडला. "ग्वाड हाय," तो म्हणाला. मंडळ हसलं. सुभेदार मात्र हसले नाहीत, दुसरीकडे तोंड करून उभे राहिले.

जाताना मी म्हटलं, "पावणं, चुकलो मी." तो म्हणाला, "काम लय झ्याक केलंत मास्तर." त्यानं मला शिवी दिली असती तर मी नीट झोपलो असतो.

सात आठवड्यांनी तो गेला. मला उशिरा कळलं. दहावा होऊन गेला होता. मी म्हसवडच्या पुढे त्या माळावर गेलो तेव्हा ऊन कलत होतं, पत्र्याच्या घरापुढे ढोल पालथा घातलेला होता, आणि त्याची बायको जोत्यावर बसली होती. मी रडलो. ती रडली नाही. तिचं रडून झालं होतं. चहा केला आणि मग सांगायला लागली.

"आठ दीस बोललंच न्हाईत. सकाळच्या पारी घरघर लागली. समदी भवतीनं बसली हुती. मला तुमचा त्यो गूळ ध्यानात आला. खडा हातावर घेटला. आणि मास्तर, लग्नात घेतलं ते सोडलं तर म्या त्यांचं नाव कवा तोंडात घेटल्यालं न्हाई. त्या दिशी घेटलं. सासू बसली हुती, दीर बसलं हुतं, तरी घेटलं. पयली हाक मारली. गप. दुसरी मारली. गप. दोन हाकांना गप राहत्यात हे मला ठावं हुतं, म्हणून मला भ्या वाटलं न्हाई." तिच्या कपातला चहा तसाच होता. "मग तिसरी मारली."

मी माझा कप खाली ठेवला.

मग तीच म्हणाली, "खेळ हिकडं आणा. पर ती मरायची जागा काढून आणा. तुमी शब्द दिलावता त्यांना."

परत येऊन मी सुभेदारांना सांगितलं. मला वाटलं होतं वाद घालतील. त्यांनी माझी वही घेतली, तो प्रवेश शोधला, पान फाडलं आणि घडी करून खिशात ठेवलं.

म्हसवडच्या पलीकडे त्यांच्या माळावर आम्ही खेळ केला, "नाथाच्या नावानं चांगभलं" म्हणून सुरुवात केली. पखवाजाऐवजी पावण्याच्या भावानं त्याचाच ढोल गळ्यात घातला. मी टेबलावर मुखवटा बांधून पडलो आणि ढोल आठव्यात थांबला नाही. नऊ, दहा, अकरा. बाराव्याला दार उघडलं आणि मी उठून चालत निघून गेलो. नाटक संपलं. लोक जरा वेळ बसून राहिले, संपलं का नाही ते कळेना म्हणून. पाठीमागून कुणीतरी म्हणालं, "शेवट जरा मिळमिळीत झाला." खरंच झाला होता. रडायला जागाच नव्हती. दिलेला शब्द मी पाळला होता, ज्याला दिला तो ऐकायला नसताना.

पडद्यामागे मी त्याच टेबलावर बसून मुखवट्याच्या खिट्ट्या सोडवत होतो. रीतीप्रमाणे आज कुणाला गूळ नव्हता, कुणी मेलंच नव्हतं. तेवढ्यात पावण्याची बायको आली. हातात फडक्याची छोटी पुरचुंडी. सोडली तर आत गुळाचा खडा, बाहेरून काळवंडलेला. कुठला ते तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

"आडवं व्हा," ती म्हणाली.

"वहिनी, आज मेलंय कोण?"

"आज न्हाई. त्या दिशी तुमच्या गावात तुमी मेला तवा तुमचं नाव कुणी घेटलंच न्हाई. त्यांनी तुमची जागा घेटली. तवाधरनं तुमी तसंच हाय." मग जरा ओशाळून म्हणाली, "तुमचं नाव काय वो मास्तर? कवा इचारलंच न्हाई."

मी नाव सांगितलं आणि आडवा झालो. सुभेदार, डेअरीचे सेक्रेटरी, चाळण्या हातात घेतलेला कोरस, सगळे उभे होते. तिनं पहिली हाक मारली. मी रीतीप्रमाणे गप्प राहिलो. तिनं दुसरी हाक मारली. मी गप्प राहिलो आणि डोळे किलकिले करून तिच्याकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत नव्हती, माझ्या तोंडाकडे बघत होती. तिसरी हाक मारायला तिचे ओठ उघडले होते आणि हाक बाहेर येत नव्हती.

मी तिसऱ्या हाकेची वाट बघितली नाही. उठून बसलो आणि माझ्या त्या चिरक्या, फुटक्या आवाजात म्हणालो, "हाय, वहिनी. हाय मी."